‘हे खरे आहे काय?’: विरोधकांचे प्रश्न, मंत्र्यांची उत्तरं आणि मधलं बरंच काही

तळटीप

परवा अधिवेशनाचं थेट प्रक्षेपण बघत बसलो होतो. बायको दोनदा म्हणाली, बंद करा तो गोंधळ. पण मला सवय जात नाही. ऐन उमेदीची आठ वर्षं मी एका विरोधी पक्षाच्या आमदारांचा स्वीय सहायक होतो. प्रश्नोत्तराचा तास म्हटला की अजून कान टवकारतात.

ज्यांनी विधानमंडळाची प्रश्नांची यादी कधी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. प्रश्नाचा साचा ठरलेला. ‘सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ असं वर, आणि खाली आकडे. (१) अमुक अमुक झाले, हे खरे आहे काय? (२) असल्यास, त्याबाबत चौकशी केली आहे काय? (३) असल्यास, काय निष्पन्न झाले व त्यानुसार कोणती कारवाई केली? (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आमदार निवासातल्या खोलीत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत आम्ही ‘असल्यास’ आणि ‘नसल्यास’ जोडत बसायचो. खिडकीची फट वर्तमानपत्राने बुजवलेली, टेबलावर गार झालेले तर्री पोहे, आणि समोर मतदारसंघातून आलेल्या पत्रांचा गठ्ठा.

त्यातलाच एक प्रश्न. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात क्ष-किरण यंत्र आलेलं. लोकांना मात्र फोटो काढायला चाळीस किलोमीटर जिल्ह्याला जावं लागे. मी प्रश्न टाकला : ‘सदर रुग्णालयातील क्ष-किरण यंत्र गेली दोन वर्षे बंद असल्याने रुग्णांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय?’ तारांकित म्हणून, म्हणजे मंत्र्याने सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचा प्रश्न म्हणून, स्वीकारला गेला. साहेब खूश. उत्तर आलं :

(१) हे खरे नाही.
(२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.

यंत्र तर आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं, पण सभागृहात आमचंच हसं झालं. पुढे काय झालं ते सांगतोच. आधी मला विचारायचंय, विरोधकाचा प्रश्न मंत्र्याला खरोखर लागला, असं उदाहरण तुमच्या आठवणीत आहे का? दिल्लीचं, मुंबईचं, कुठलंही. नुसती आरडाओरड नको, प्रश्न हवा.

फोडणी

वाचतेय. पुढे काय झालं ते मात्र लवकर टाका.

शंकासुर

नाही लागत. विषय संपला.

अधिवेशनाच्या आदल्या दिवशी चहापानावर बहिष्कार, पहिल्या दिवशी पायऱ्यांवर कांद्याच्या माळा किंवा कापसाची बोंडं, दुसऱ्या दिवशी स्थगन प्रस्ताव, मग सभात्याग. प्रश्नोत्तराचा तास गोंधळात वाहून जातो तेव्हा सर्वात जास्त हायसं मंत्र्यालाच वाटत असेल. आणि विरोधकांचं कौतुक कशाला? ३० नोव्हेंबर २००९ ला लोकसभेत ज्यांचे प्रश्न होते ते खासदारच जागेवर नव्हते. अध्यक्ष नाव पुकारतायत आणि बाक रिकामा. तास वेळेआधीच आटोपावा लागला.

एकच खरं उदाहरण आहे. विरोधी पक्षाच्या फिरोज गांधींनी मुंदडा प्रकरण काढून अर्थमंत्र्याला घरी पाठवलं. तसा माणूस आता दाखवा.

तळटीप

शंकासुर, उदाहरण चोख, पण बाक चुकला. फिरोज गांधी काँग्रेसचेच खासदार होते, आणि पंतप्रधानांचे जावई. १६ डिसेंबर १९५७ चं त्यांचं भाषण. आयुर्विमा महामंडळाने मुंदडांच्या सहा कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम घातली होती. त्यावर न्या. छागलांचा एकसदस्य आयोग बसला, मुंबईत उघड सुनावण्या झाल्या आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये टी. टी. कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. पण या सगळ्याची सुरुवात त्या भाषणाच्याही आधी, त्याच वर्षी सभागृहात विचारलेल्या एका साध्या प्रश्नापासून झाली होती. सरकारने गोलमोल उत्तर दिलं आणि तिथेच संशय आला.

शंकासुर

बाक चुकला, कबूल. म्हणजे विरोधकांच्या खात्यात ते एकही नाही. माझा मुद्दा आणखी पक्का झाला. 😀

लाल_फीत

बरेच दिवस नुसता वाचक होतो, हा धागा पाहून लिहायला घेतलं. तळटीप यांनी ज्या उत्तरांचा राग धरला आहे, तशी उत्तरं मी लिहायचो. मंत्रालयात कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. खातं सांगत नाही, पण तुमच्या त्या यंत्राचं नव्हतं, त्यामुळे दगड मारू नका.

अधिवेशन आलं की रजा बंद. प्रश्नाची प्रत कक्षात आली की पहिला फोन क्षेत्रीय कार्यालयाला. तिथून माहिती येते अर्धवट, आणि तीही ‘आपल्या बाजूने’ लिहिलेली. त्यावर मसुदा, मग अवर सचिव, उपसचिव, सचिव, मंत्री. प्रत्येक टप्प्यावर एक शब्द कमी होतो. सुरुवातीला ‘हे खरे आहे’ लिहिलेलं उत्तर वर जाऊन ‘अंशतः खरे आहे’ होऊन परत आलेलं मी कितीदा पाहिलंय.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही विचारलंत, यंत्र दोन वर्षं ‘बंद’ आहे, हे खरे आहे काय? समजा ते यंत्र खोक्यातून बाहेरच काढलेलं नव्हतं. मग ते बंद कसं असेल? बंद पडायला आधी चालू व्हावं लागतं. ‘हे खरे नाही’ हे उत्तर अक्षरशः बरोबर आहे. एकदा पहिल्याला ‘नाही’ म्हटलं की खालचे ‘असल्यास’ सगळे आपोआप झोपतात. तुम्ही चार मजली इमारत बांधलीत, आम्ही तळमजल्याची एक वीट काढली.

चांगला प्रश्न आम्हाला लगेच ओळखू यायचा. त्यात विशेषणं नसायची. ‘गैरसोय’, ‘तीव्र असंतोष’, ‘भोंगळ कारभार’ असे शब्द दिसले की आम्ही निवांत. तारीख, रक्कम, आदेशाचा क्रमांक मागितला असेल तर मात्र डबा तसाच राहायचा.

फोडणी

‘तळमजल्याची वीट’!! हे फ्रेम करून लावायला हवं. आणि तळटीप, खोक्यातच होतं का हो यंत्र?

तळटीप

होतं. 😐 खाकी पुठ्ठ्याच्या खोक्यांत, औषधांच्या कोठीत, वर जुन्या गाद्या रचलेल्या. लाल_फीत, तुम्ही पंधरा-वीस वर्षं आधी भेटायला हवे होतात.

तुम्ही म्हणता तो तारखेचा-क्रमांकाचा प्रश्न ज्यांना सर्वात चांगला जमला, ते माझ्या मते मधू लिमये. पुण्याचा माणूस, निवडून यायचे बिहारमधून, आधी मुंगेर आणि नंतर बांका. १९६४ च्या पोटनिवडणुकीत लोकसभेत गेले. संसदेचे नियम त्यांना असे पाठ की ते हरकतीच्या मुद्द्यावर उठले की मंत्र्यांच्या मागे बसलेले अधिकारी आधी पानं चाळायला लागत, असं जुने पत्रकार सांगतात.

तुलमोहन राम प्रकरण घ्या, १९७४ चं. पाँडिचेरीकडच्या काही व्यापाऱ्यांना आयात परवाने मिळावेत म्हणून एक निवेदन गेलं होतं, त्याखाली २१ खासदारांच्या सह्या. विचारणा झाली तेव्हा वीस जण म्हणाले, ही सही माझी नाही. उरले ते बिहारचे सत्ताधारी खासदार तुलमोहन राम. निवेदन गेलं तेव्हा परराष्ट्र व्यापार खातं ललित नारायण मिश्रांकडे होतं, गाजावाजा झाला तोवर ते रेल्वेमंत्री झाले होते. लिमये, वाजपेयी, मोरारजीभाई, सगळे विरोधक एकाच मागणीवर अडले : केंद्रीय अन्वेषण विभागाचा अहवाल सभागृहासमोर ठेवा. त्यांनी मंत्र्याला ‘तुम्ही चोर आहात का’ असं विचारलं नाही, ‘कागद दाखवा’ म्हणाले. सरकार नको म्हणत गेलं, आणि दर नकाराबरोबर लोकांना वाटत गेलं की त्या कागदात काहीतरी आहे. शेवटी विरोधी नेत्यांना तो अहवाल गुप्ततेच्या अटीवर वाचायला द्यावा लागला.

मडगावकार

लिमयांचं नाव निघालं म्हणून राहवत नाही. आमच्या गोंयात त्यांची ओळख खासदार म्हणून नाही. १९५५ च्या सत्याग्रहात ते आत शिरले, पोर्तुगीजांनी धरलं आणि बारा वर्षांची शिक्षा ठोठावली. दीड वर्षावर तुरुंगात काढून सुटले. माझे आजोबा म्हणायचे, ज्याला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या न्यायालयात प्रश्न विचारून झाले, त्याला दिल्लीतल्या मंत्र्याचं काय भय!

आणि आणीबाणीतलं विसरू नका. लोकसभेची मुदत वाढवली तेव्हा ‘आम्हाला पाचच वर्षांसाठी निवडून दिलंय’ या भूमिकेवरून लिमये आणि शरद यादव यांनी तुरुंगातूनच राजीनामे दिले. ज्या सभागृहात प्रश्न विचारायची सोयच उरली नाही तिथली खुर्ची तरी कशाला, असा त्याचा अर्थ मी लावतो.

वेंगुर्ल्याचा_वारा

आमच्या राजापूर मतदारसंघाला विसरलात तर बरं नाही. १९५७ पासून बॅ. नाथ पै, तीनदा. ते १९७१ च्या जानेवारीत गेले, त्यानंतर मधू दंडवते, सलग पाच वेळा. जवळजवळ तीन तपं आमच्याकडून दिल्लीला गेला तो विरोधी बाकावर बसून प्रश्न विचारायलाच गेला. मधल्या जनता पक्षाच्या नि व्ही. पी. सिंगांच्या काळाचा अपवाद.

त्या अपवादातली गंमत बघा. १९७७ ला दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला रात्रभर लाकडी फळीवर का निजावं लागतं, असा प्रश्न विचारण्यातच ज्यांची हयात गेली, तेच आता उत्तर द्यायला उभे. त्यांनी फळीवर गादी बसवली. पुढच्या वेळी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात पाठ टेकाल तेव्हा आठवण काढा. प्रश्न विचारणाऱ्याने एकदा तरी उत्तर देऊन बघावं, असं मला त्यावरून वाटतं.

शंकासुर

सगळी उदाहरणं पन्नास वर्षांपूर्वीची. देवळात आल्यासारखं वाटतंय.

पैसे घेऊन प्रश्न विचारणाऱ्यांचं काय? डिसेंबर २००५ मध्ये छुप्या कॅमेऱ्यात सापडले आणि अकरा खासदार बडतर्फ झाले, त्यातले दोन आपल्या जळगाव जिल्ह्यातले. आणि हे काही नवीन नाही, १९५१ मध्येच मुद्गल नावाच्या सदस्यावर मुंबईच्या सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेसाठी पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचा ठपका आला होता. प्रश्न हे हत्यार आहे म्हणता, ते भाड्यानेही मिळतं.

लाल_फीत

शंकासुर यांचं चूक नाही. आम्हालाही कळायचं. एखाद्या निविदेवर एकदम सात आमदारांचे सारखेच प्रश्न आले, स्वल्पविरामासकट, की समजायचं, ज्याला काम मिळालं नाही त्याने टंकलेखनाचा खर्च केलाय. आणि कधी कधी उत्तराच्या दिवशी प्रश्न विचारणारे गैरहजर. म्हणजे मधल्या दिवसांत कुणाचं तरी समाधान झालेलं. पण एक सांगू? भाड्याच्या प्रश्नाचंही उत्तर आम्हाला द्यावंच लागे. फाइल उघडावीच लागे.

तारांकितची खरी भीती पहिल्या उत्तराची नसते. ते छापून आधीच सदस्याच्या हातात गेलेलं असतं. भीती त्या उत्तरावर सभागृहातच उठून विचारलेल्या पुरवणी प्रश्नाची. आम्ही मंत्र्यांना टिपणी द्यायचो, संभाव्य उपप्रश्न आणि उत्तरं. तीस-तीस उपप्रश्न काढायचो. त्यातला एक आला की मंत्री ऐटीत. एकतिसावा आला की अधिकारी दीर्घेत चिठ्ठीची धावपळ. एकदा माझी चिठ्ठी तिघांच्या हातून मंत्र्यांपर्यंत पोचेपर्यंत ते ‘माहिती घेऊन पटलावर ठेवण्यात येईल’ म्हणून बसलेही होते. माझ्या चिठ्ठीवर फक्त ‘नाही’ लिहिलेलं होतं.

आणि ‘पटलावर ठेवू’ हे सुटकेचं वाक्य वाटतं, तसं नाही. ते आश्वासन धरलं जातं आणि आश्वासन समितीच्या वहीत चढतं. लोकसभेत ही समिती १९५३ पासून आहे, तिथे पूर्ततेला तीन महिन्यांची मुदत असते. म्हणून नव्या मंत्र्यांना आम्ही पढवायचो : ‘करू’ म्हणू नका साहेब, ‘तपासून पाहू’ म्हणा. समितीवाले ‘तपासून पाहू’ही धरतात, ही गोष्ट वेगळी.

थेम्सकाठी

इथे लंडनमध्ये दर बुधवारी दुपारी बारा वाजता पंतप्रधानांना प्रश्न असतात. विरोधी पक्षनेत्याला सहा प्रश्न. लोक कचेरीत जेवणाच्या सुट्टीत बघतात, पण ती जुगलबंदी झाली. कोण कसा टोला मारतो एवढंच संध्याकाळच्या बातम्यांत.

मला आठवतात ते टॅम डॅलिएल. मजूर पक्षाचे खासदार, थॅचर सरकारच्या विरोधात. २ मे १९८२ ला ब्रिटिश पाणबुडीने अर्जेंटिनाची जनरल बेलग्रानो ही युद्धनौका बुडवली, ३२३ माणसं गेली. सरकारची कथा अशी की नौका चाल करून येत होती. डॅलिएल एकच विचारत राहिले : बुडवली तेव्हा तिचं तोंड कुठल्या दिशेला होतं? पक्षातलेही कंटाळले, पण ते वर्षानुवर्षं तोच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी टाकत राहिले. शेवटी कळलं की ती परत निघाली होती. सरकार संसदेला काय सांगतंय ते बघून संरक्षण खात्यातल्याच क्लाइव्ह पाँटिंग या अधिकाऱ्याने १९८४ मध्ये त्यांना कागद पाठवले. त्याच्यावर खटला झाला, १९८५ मध्ये ज्युरीने निर्दोष सोडलं. लाल_फीत, तुमची आठवण आली म्हणून लिहिलं.

लाल_फीत

आमच्याकडे ज्युरी नव्हती हो. 🙂

मडगावकार

१९६३ चं लोहियांचं राहिलं की. त्या ऑगस्टमध्ये नेहरू सरकारवर पहिला अविश्वास ठराव आला, कृपलानींनी मांडलेला. लोहिया नुकतेच फरुखाबादहून आलेले. म्हणाले, देशातली सत्तावीस कोटी माणसं दिवसाला तीन आण्यांवर जगतात. नेहरू म्हणाले, पंधरा आणे. मग मंत्री गुलजारीलाल नंदांनी नियोजन आयोगाचा आकडा आणला, साडेसात आणे. म्हणजे सरकारच्याच दोन आकड्यांत दुपटीचं अंतर. आता, नवे पैसे येऊन सहा वर्षं झाली होती, तरी सगळा हिशेब आण्यांत! पण बाजारातल्या बाईला कळला तो आण्यांमुळेच.

शंकासुर

हे भाषणातलं, प्रश्नोत्तराच्या तासातलं नाही. (मीही बाक तपासायला शिकलो.)

आणि आजचं बघा. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात करोनाच्या कारणाने प्रश्नोत्तराचा तासच वगळला, फक्त लेखी उत्तरं. त्यात टाळेबंदीत घरी जाताना किती स्थलांतरित मजूर दगावले, असं विचारलं तर श्रम मंत्रालय म्हणतं, अशी नोंद ठेवली जात नाही. मग भरपाई? नोंदच नाही तर तो प्रश्न उद्भवत नाही. लाल_फीत, तुमचं वाक्य दिल्लीपर्यंत पोचलंय.

लाल_फीत

ते वाक्य दिल्लीहूनच आलेलं आहे.

पण त्या उत्तराकडे दुसऱ्या बाजूने बघा. सप्टेंबर २०२० मध्ये कुणीतरी तो प्रश्न नेमका टाकला, म्हणून ‘नोंद नाही’ हे सरकारला सही-शिक्क्याने लिहून द्यावं लागलं. आज तुम्हाला ते आठवतंय. त्या अधिवेशनातलं एखादं भाषण आठवतं का?

शंकासुर

… नाही.

वेंगुर्ल्याचा_वारा

मृणालताई गोऱ्यांचं नाव कुणीच कसं काढलं नाही? १९७७ ची घोषणा होती, ‘पाणीवाली बाई दिल्लीला, दिल्लीवाली बाई पाण्यात’. त्या नुसत्या लाटणं मोर्च्याच्या नव्हेत. सभागृहात तर प्रश्न विचारायच्याच, आणि सभागृहाबाहेरून मुख्यमंत्री अंतुल्यांच्या सिमेंट प्रकरणी त्या नि प. बा. सामंत उच्च न्यायालयात गेले. न्या. लेंटिन यांचा निकाल १२ जानेवारी १९८२ चा, अंतुल्यांचा राजीनामाही त्याच दिवशीचा. मंत्र्याने सभागृहात उत्तर दिलं नाही तर तोच प्रश्न घेऊन दुसऱ्या दारात जायचं.

फोडणी

सगळं झकास, पण यंत्राचं काय झालं??

तळटीप

सांगतो, सांगतो.

त्या हशानंतर साहेब माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, पुन्हा टाक. नागपूरहून परतल्यावर मी दवाखान्यात गेलो. कोठीतल्या माणसाला तंबाखू दिली, गाद्या बाजूला केल्या आणि खोक्यावरच्या चिठ्ठीवरून यंत्राचा क्रमांक नि रवानगीची तारीख वहीत उतरवून घेतली. पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात प्रश्न असा गेला :

(१) अमुक क्रमांकाचे क्ष-किरण यंत्र सदर रुग्णालयास कोणत्या दिनांकास प्राप्त झाले? (२) ते कोणत्या दिनांकास कार्यान्वित करण्यात आले? (३) त्यावर पहिल्या रुग्णाची तपासणी कोणत्या दिनांकास झाली?

कुठेच ‘हे खरे आहे काय’ नाही. मला भीती होती की साचा मोडला म्हणून परत येईल. नाही आला, पण तारांकितचा अतारांकित झाला. म्हणजे सभागृहात उभं राहणं नाही, पुरवणी नाही, नुसतं लेखी. साहेबांनी तोंड वाकडं केलं. उत्तर महिन्याभराने आलं. प्राप्त झाल्याची तारीख बरोबर चिठ्ठीवरची, अडीच वर्षांपूर्वीची. कार्यान्वित झाल्याची आणि पहिल्या रुग्णाची तारीख एकच, आणि ती आमच्या प्रश्नाची सूचना दिल्यानंतर अकराव्या दिवसाची.

लाल_फीत

म्हणजे कक्षातून फोन गेला. ‘आधी चालू करा, मग माहिती पाठवा.’ असे फोन मी स्वतः केलेत. फाइलवर त्याची नोंद कुठेच नसते.

फोडणी

आणि पहिला रुग्ण कोण होता?

तळटीप

तेही विचारलं होतं मी नंतर, कोठीवाल्याला. म्हणाला, घाईत कुणी मिळेना, म्हणून वॉर्डबॉयचाच हात धरून काढला. हात ठणठणीत होता.